खेळ कोणासाठी बिघडतो? जोश गिब्सन, बाळू पालवणकर आणि आपल्या बांधीतलं मैदान



मागच्या जयंतीला आमच्या गावात टेनिस बॉल क्रिकेटचे सामने ठेवले होते. ब्रह्मपुरीकडचा धानपट्टा तुम्हाला माहीत आहे. उन्हाळी धान नसेल त्या बांधीत पोट्टे धुरे मोडून, रोलर फिरवून पीच तयार करतात आणि सामने सुरू होतात. यंदा समितीनं एक नियम बदलला. प्रत्येक टीममध्ये बाहेरून आणलेले खेळाडू जास्तीत जास्त दोन, बाकी नऊ त्याच गावचे. आधी काय व्हायचं? ज्याच्याकडे पैसा तो नागपूर-चंद्रपूरहून सात-आठ तयार खेळाडू आणायचा, बक्षीस घेऊन जायचा, आणि ज्या वस्तीनं वर्गणी गोळा केली तिथली पोरं सीमारेषेबाहेर बसून चेंडू आणून द्यायची.

नियम जाहीर झाला आणि आरडाओरड सुरू झाली. एक पोरगा तर माझ्या तोंडावर म्हणाला, "दादा, का केलं हे तुमी? म्याचचा मजाच गेला ना!" मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याचं थोडं खरंही होतं. षटकार कमी पडले, झेल सुटले, सामने रटाळ झाले.

दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, मोबाईलवर अमेरिकेच्या बेसबॉलचा एक फोटो आला. मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एकच आकडा होता, ४२. आपली जयंती १४ एप्रिलला आणि त्यांचा जॅकी रॉबिन्सन दिन १५ एप्रिलला. १९४७ साली याच तारखेला हा काळा माणूस ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि अमेरिकेच्या मोठ्या बेसबॉलमधली रंगभेदाची भिंत पडायला सुरुवात झाली. तेव्हाही लोक हेच म्हणत होते की खेळ बिघडला.

त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर मी या लेखात देतो आहे. उत्तर लांब आहे, कारण त्यात इतिहास आहे, आणि तो आपलाही आहे.

बातमी काय होती

मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलनं आपल्या अधिकृत रेकॉर्डमध्ये मोठा बदल केला. १९२० ते १९४८ या काळात काळ्या खेळाडूंच्या सात वेगळ्या लीग होत्या. इतिहासात त्यांना नीग्रो लीग म्हणतात. त्या लीगमधल्या २३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे मुख्य रेकॉर्डबुकात घेतले गेले. तशी घोषणा डिसेंबर २०२० मध्येच झाली होती. आकडे तपासायला पुढची साडेतीन वर्षं गेली.

परिणाम काय झाला? बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी म्हणजे मोजल्या गेलेल्या हजार संधींमध्ये त्यानं किती वेळा यशस्वी फटका मारला, ते. जवळपास शंभर वर्षं टाय कॉब हा गोरा खेळाडू ०.३६७ सरासरीनं सर्वात वर होता. आता त्याच्या वर जोश गिब्सनचं नाव आलं, ०.३७२. एका हंगामातली सर्वोत्तम सरासरीही गिब्सनचीच, १९४३ ची ०.४६६. फटक्यांची ताकद मोजणाऱ्या आकड्यात त्यानं बेब रूथलाही मागे टाकलं. हा गिब्सन मोठ्या लीगचा एकही सामना खेळला नाही. त्याला खेळू दिलं गेलं नाही. जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो वारला. रॉबिन्सन मैदानात उतरला तो त्यानंतर तीन महिन्यांनी.

"आकडे अपुरे आहेत"

या बदलावर बेसबॉलच्या चाहत्यांत मोठा वाद झाला. अनेकांनी मनापासून स्वागत केलं. पण विरोध करणाऱ्यांचे मुद्दे नीट ऐका, ते तुम्हाला ओळखीचे वाटतील.

पहिला मुद्दा: काळ्यांच्या लीगचे हंगाम छोटे होते. साठ-ऐंशी सामन्यांची सरासरी दीडशे सामन्यांच्या सरासरीशेजारी कशी ठेवायची? दुसरा: स्कोअरच्या नोंदी अपुऱ्या आहेत. तिसरा: समोरचे गोलंदाज तितक्या दर्जाचे होते कशावरून?

एकेक घेऊ. हंगाम छोटे का होते? या संघांना स्वतःची मैदानं क्वचितच होती. पोटासाठी ते गावोगाव बसनं फिरून प्रदर्शनी सामने खेळायचे. ते सामने रेकॉर्डमध्ये धरलेलेच नाहीत, लीगचे तेवढेच धरले आहेत. म्हणजे ज्यांनी मैदान नाकारलं त्यांचेच वारस आज विचारतात की तुमचे सामने कमी का. आणि २०२० साली कोविडमुळे मोठ्या लीगचा हंगाम फक्त ६० सामन्यांचा झाला. तो अधिकृत धरला गेला, विजेतेही अधिकृत ठरले. तेव्हा साठ सामने पुरले.

नोंदी अपुऱ्या का? कारण गोऱ्यांची वर्तमानपत्रं हे सामने छापायची नाहीत. जे आज सापडलं ते 'शिकागो डिफेंडर', 'पिट्सबर्ग कुरियर' अशा काळ्यांनी काळ्यांसाठी चालवलेल्या वर्तमानपत्रांतून. संशोधकांनी वर्षानुवर्षं जुने अंक चाळून एकेक स्कोअरकार्ड जमवलं. आणि 'मोठी लीग' कोणती, हे ठरवायला १९६८-६९ मध्ये एक समिती बसली होती. तिनं सहा लीगना मान्यता दिली. त्यात काळ्यांच्या लीग नाकारल्या असं म्हणणंही चूक ठरेल, कारण त्यांचा विचारच झाला नव्हता. नाकारण्यासाठीसुद्धा आधी समोर यावं लागतं.

साठ वर्षांचं शंभर टक्के आरक्षण

तिसरा मुद्दा दर्जाचा, म्हणजे गुणवत्तेचा. इथं थोडं थांबू, कारण हा शब्द आपण शाळेच्या पहिल्या दिवसापासून ऐकतो.

१८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा काळा खेळाडू टोलेडोच्या संघातून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. म्हणजे सुरुवातीला दार पूर्ण बंद नव्हतं. मग शिकागोचा नामांकित खेळाडू कॅप अॅन्सन यानं काळा खेळाडू असेल तर मी मैदानात उतरणार नाही अशी भूमिका घेतली. १८८७ च्या सुमारास मालकांमध्ये समजूत झाली. मोठ्या लीगमध्ये याचा लेखी नियम कधीच नव्हता. सभ्य लोकांचा आपसातला करार, असं त्याचं वर्णन केलं जातं. जातही कधी लेखी नोटीस लावत नाही, नाही का?

१८८७ ते १९४७ म्हणजे साठ वर्षं. या साठ वर्षांत मोठ्या लीगची प्रत्येक जागा, प्रत्येक विक्रम, प्रत्येक पगार गोऱ्यांसाठी राखीव होता. पन्नास टक्के नाही, शंभर टक्के. बेब रूथनं ७१४ होमरन मारले ते या राखीव मैदानावर. सॅचेल पेज हा त्या काळातला सर्वात भेदक पिचर मानला जातो. त्याचा एकही चेंडू रूथला लीगच्या अधिकृत सामन्यात खेळावा लागला नाही. पेजला मोठ्या लीगमध्ये संधी मिळाली तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. मग दर्जावर प्रश्नचिन्ह कोणाच्या लावायचं? ज्यांनी अर्धी स्पर्धा बाहेर ठेवून विक्रम केले, त्यांच्या की ज्यांना बाहेर ठेवलं गेलं, त्यांच्या?

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या काळात त्या एका शहरात मोठ्या लीगचे तीन संघ होते. तिन्हींमध्ये मिळून एकही काळा खेळाडू नव्हता. विद्यापीठाला लागून हार्लेम, आणि स्टेडियमवर ही स्थिती. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले निग्रो आणि भारतातले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य त्यांनी त्यात मांडलं आणि काळ्यांच्या संघटनेनं संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली. ही तुलना म्हणजे माझी ओढाताण नाही. ती बाबासाहेबांनीच करून ठेवली आहे.

१९२०: एकाच वर्षातल्या तीन गोष्टी

३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. बरोबर तेरा दिवसांनी, १३ फेब्रुवारी १९२० ला, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीमध्ये रूब फॉस्टर यानं काळ्या संघमालकांना एकत्र बसवून नीग्रो नॅशनल लीग स्थापन केली. फॉस्टर स्वतः नावाजलेला पिचर होता. आम्हाला तुमच्यात घ्या, असं म्हणत दारात उभं राहण्यापेक्षा आपलं स्वतःचं काही उभं करू, हा त्याचा विचार होता. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगाव परिषद झाली आणि मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद भरली.

दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर असेल असं मी म्हणत नाही. पण दोन खंडांत एकाच वेळी बहिष्कृत माणसं एकाच निष्कर्षाला आली होती. आपलं वर्तमानपत्र, आपली परिषद, आपली लीग. आणि काळ्यांची लीग म्हणजे काही दुय्यम नक्कल नव्हती. कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघानं १९३० मध्येच ट्रकवर दिवे लादून रात्रीचे सामने खेळवले. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला तो १९३५ साली. आज रात्रीच्या सामन्याशिवाय धंद्याची कल्पनाही करता येत नाही. बदल आणला बहिष्कृतांनी, इतिहासात जमा झाला दुसऱ्यांच्या नावावर.

त्या वर्षातली तिसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रात घडली, आणि तीही खेळाच्या मैदानावर.

बाळू पालवणकर: चेंडू आत, चहा बाहेर

बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबातले. वडील लष्करात नोकरीला. पुण्यात पारशी क्लबच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर फिरवण्याचं काम त्यांना महिना तीन रुपयांवर मिळालं. मग गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये चार रुपये. तिथं जाळी लावायची, पीच तयार करायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करायची. फलंदाजी मात्र त्यांना करू दिली नाही. फलंदाजी ही साहेबांची. घाम गाळायचं काम यांचं, मिरवायचं काम त्यांचं. शेतमजुराच्या पोराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डावखुऱ्या फिरकीची ख्याती पसरली तेव्हा पुण्याच्या हिंदू संघापुढे पेच पडला. साहेबांना हरवायचं तर बाळू हवेत, पण बाळू अस्पृश्य. मग तोड काढली गेली. मैदानावर चेंडू सगळे एकच हाताळणार, पण चहाच्या वेळी बाळूंना चहा पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवणही वेगळं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघानं युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवलं. बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम दोघेही त्या संघात होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या सुधारकी पत्रानं या विजयाचा संबंध थेट अस्पृश्य खेळाडूंना संघात घेण्याशी जोडला. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरत होता, पण एकट्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांचे १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. क्रिकेट कळणाऱ्याला विचारा हा आकडा काय सांगतो.

आणि कर्णधारपद? ते कधीच नाही. वर्षामागून वर्षं सर्वात मोठा गोलंदाज असूनही नेतृत्वासाठी सवर्ण खेळाडूच निवडला गेला. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत तर बाळूंना संघातून वगळलं आणि कर्णधारपदासाठी त्यांचे भाऊ विठ्ठल यांनाही डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी खेळायला नकार दिला आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितलं: हा अपमान जातीमुळे आहे. चर्चा झाली, दबाव आला. पुढच्या सामन्यासाठी भाऊ परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

ज्या वर्षी 'मूकनायक' निघालं त्याच वर्षी दोन अस्पृश्य खेळाडूंनी बॅट खाली ठेवून हक्क मागितला. विनंतीनं वर्षानुवर्षं हाललं नव्हतं ते बहिष्कारानं हाललं. खेळाच्या पुस्तकात हा प्रसंग एका ओळीत संपतो. आपल्या चळवळीच्या इतिहासात त्याला पान हवं.

भारताचा पहिला कसोटी सामना झाला जून १९३२ मध्ये. तेव्हा बाळूंनी पन्नाशी कधीच ओलांडली होती. म्हणून कसोटीच्या रेकॉर्डबुकात त्यांच्या नावापुढे काहीच नाही. गिब्सनच्या नावापुढेही २०२४ पर्यंत काहीच नव्हतं.

पहिल्या माणसाचा वापर

आता अवघड भागाकडे येऊ. तो टाळला तर हा लेख आरती होईल, आणि आरत्या आपल्याला नकोत.

१९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू पालवणकर बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. पुणे कराराखाली त्यांची सही आहे. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना थेट बाबासाहेबांविरुद्ध उभं केलं. ते हरले. काँग्रेसला अस्पृश्यांत लोकप्रिय असलेला चेहरा हवा होता आणि तो क्रिकेटच्या मैदानानं तयार करून ठेवला होता.

अमेरिकेत बघा. जुलै १९४९ मध्ये जॅकी रॉबिन्सनला संसदेच्या एका समितीपुढे बोलावलं. काम काय? पॉल रोबसन या काळ्या गायक-कार्यकर्त्याच्या वक्तव्याविरुद्ध बोलायचं. रोबसन तो माणूस, ज्यानं १९४३ मध्येच बेसबॉलच्या कमिशनरपुढे जाऊन काळ्या खेळाडूंसाठी दार उघडा अशी मागणी केली होती. रॉबिन्सननं त्या साक्षीत वर्णद्वेषाविरुद्धही खडे बोल सुनावले, पण वर्तमानपत्रांनी उचललं ते रोबसनविरुद्धचं. १९७२ साली, मृत्यूच्या थोडं आधी पुरं झालेल्या आत्मचरित्रात रॉबिन्सननं कबूल केलं की आज तसं बोलावणं आलं तर मी नाकारीन.

मी बाळूंना किंवा रॉबिन्सनला गद्दार म्हणणार नाही. ज्यानं मातीच्या भांड्यात चहा प्यायला आणि तरी चेंडू टाकत राहिला, त्याला घरात बसून शिव्या देणं सोपं आहे. मुद्दा व्यवस्थेच्या पद्धतीचा आहे. बहिष्कृतांपैकी एकाला आत घ्यायचं, त्याचा सत्कार करायचा, आणि मग बाहेर उभ्या असलेल्या लाखोंच्या मागणीविरुद्ध त्यालाच पुढे करायचं. एका माणसाला मिळालेला मान आणि समाजाला मिळालेला हक्क यातला फरक बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितला. आपल्या तालुक्यात आज कोणाकोणाच्या गळ्यात हार पडतात आणि त्याच आठवड्यात कोणत्या प्रश्नावर ते गप्प बसतात, ते तुम्हीच पाहा.

दार उघडलं, घर मोडलं

रॉबिन्सन आल्यावर काय काय झालं? प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकानं मैदानावर घाणेरड्या शिव्या दिल्या, जिवे मारण्याची पत्रं आली, डोक्याच्या दिशेनं चेंडू टाकले गेले. खेळ संपला, असं म्हणणारे बरेच होते. आणि त्याच हंगामात डॉजर्सच्या मैदानावर १८ लाखांहून जास्त प्रेक्षक आले, तोवरचा त्या संघाचा विक्रम. खेळ मेला नाही. तो पहिल्यांदा सगळ्यांचा व्हायला लागला. तरी शेवटच्या संघानं, बोस्टन रेड सॉक्सनं, काळा खेळाडू घ्यायला १९५९ उजाडू दिलं.

पण दुसरी बाजूही आहे. रॉबिन्सन मोनार्क्स या काळ्यांच्या लीगमधल्या संघाचा खेळाडू होता. त्याला घेताना डॉजर्सनं मोनार्क्सला एक पैसाही दिला नाही. नेवार्क ईगल्स संघाच्या मालकीणबाई एफा मॅन्ली यांनी या लुटीविरुद्ध आवाज उठवला. त्यांचा लॅरी डोबी क्लीव्हलँडला गेला तेव्हा भांडून त्यांनी १५ हजार डॉलर वसूल केले. चांगले खेळाडू निघून गेले, मागोमाग प्रेक्षक गेले, आणि १९४८ च्या हंगामानंतर नीग्रो नॅशनल लीग बंद पडली. खेळाडू आत गेले. पण काळे मालक, व्यवस्थापक, पंच, तिकीट विकणारे, बातमी लिहिणारे, यांना कोणी आत बोलावलं नाही.

हे आपल्या कामाचं आहे. मुख्य प्रवाहात जायचं की आपल्या संस्था उभारायच्या, हा प्रश्न 'किंवा'चा नाही. आत जाताना आपल्या संस्थांची किंमत वसूल करावी लागते आणि त्या जिवंत ठेवाव्या लागतात. नाहीतर आपली चार हुशार पोरं जातात आणि मागे वस्तीत बंद पडलेलं वाचनालय उरतं.

ज्या बदलांवर कोणी ओरडत नाही

अलीकडे, २०२३ मध्ये, मोठ्या लीगनं पिचरसाठी घड्याळ लावलं. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायचाच. जुन्या चाहत्यांनी आधी डोक्यावर हात मारला, शंभर वर्षांत या खेळाला घड्याळ नव्हतं म्हणून. पण सामना साधारण तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला आणि बहुतेकांची कुरकुर विरली. असे बदल होतच असतात.

ओरड झाली नाही ती दुसऱ्या बदलावर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या लीगमध्ये अमेरिकन काळ्या खेळाडूंचं प्रमाण सुमारे १८ टक्के होतं. २०२४ मध्ये ते ६ टक्क्यांच्या आसपास उरलं. लॅटिन अमेरिकेतून येणारे खेळाडू वाढले, हे त्याचं एक कारण. दुसरं मोठं कारण म्हणजे लहान मुलांचा बेसबॉल महाग झाला. खासगी प्रशिक्षक, फिरते संघ, महागडं साहित्य. २०२२ च्या अंतिम मालिकेत दोन्ही संघांत मिळून एकही अमेरिकेत जन्मलेला काळा खेळाडू नव्हता. १९५० नंतर असं पहिल्यांदा घडलं. कुठलाही नियम न बदलता दार पुन्हा लोटलं गेलं. पूर्वी रंग विचारायचे, आता फी विचारतात.

आपल्याकडे कबड्डीचं काय झालं? मातीत, उघड्या पायानं, शून्य खर्चात खेळला जाणारा खेळ. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि कबड्डीपटूला पहिल्यांदा बरा पैसा दिसला. हे चांगलंच झालं. पण मोठी कबड्डी आता मॅटवर आहे. धानोरा-भामरागडकडच्या आश्रमशाळेतल्या पोरानं, किंवा जिवतीच्या पहाडावरच्या पोरीनं मॅट कुठं पाहायची? मातीवर तयार झालेला पाय मॅटवर वेगळा पडतो, त्याला सराव लागतो, बूट लागतात. या बदलावर कोणी म्हटलं का की खेळाची मजा गेली?

रेकॉर्ड म्हणजे भाकर

कोणी म्हणेल, मेलेल्या खेळाडूच्या आकड्यांनी काय होतं? गडचिरोली-चंद्रपूरच्या पोरांसाठी याचं उत्तर सोपं आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेतली कामगिरी, प्रमाणपत्र आणि क्रीडा विभागाची पडताळणी लागते. बेसबॉल-सॉफ्टबॉलसुद्धा आपल्या शालेय स्पर्धांत आहेत. पण जयंतीच्या सामन्यात चार वर्षं मालिकावीर ठरलेल्या पोराचा कप त्या टेबलावर शून्य आहे. जो नोंदीत नाही तो खेळलाच नाही.

आणि नोंद ठेवण्यात आपणही कमी पडतो. १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, हे बाहेरच्या किती तरुणांना माहीत असतं? आपल्या जिल्ह्याचा एवढा मोठा दिवस कोपऱ्यात पडतो, तर बांधीतल्या सामन्याचं काय घेऊन बसलात! काळ्यांच्या वर्तमानपत्रांनी स्कोअर छापला नसता तर गिब्सन आज दंतकथा म्हणून उरला असता, विक्रम म्हणून नाही.

म्हणून चार कामं सुचवतो. एक, पुढच्या जयंतीपासून प्रत्येक सामन्याचा स्कोअर वहीत लिहा, पूर्ण नाव, गाव, तारीख घालून, आणि वही विहारात जपा. दोन, गावातल्या जुन्या खेळाडूंना, खाणीत आणि पेपर मिलमध्ये खेळलेल्या काकांना, कबड्डी खेळलेल्या मावश्यांना बसवून त्यांच्या आठवणी उतरवून घ्या. तीन, हुशार मुलांची नावं शाळेमार्फत तालुका-जिल्हा स्पर्धांत जातात की नाही, याचा पाठपुरावा मंडळानं करा. नुसता कप देऊन मोकळं होऊ नका. चार, तालुक्याला किमान एक मॅट मुलींसह सगळ्यांना सरावासाठी खुली असावी, ही मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

आणि त्या पोरालाही सांगतो. गड्या, तुझं म्हणणं खरं आहे, यंदा षटकार कमी पडले. पण मागच्या वर्षी तू सीमारेषेबाहेर बसला होतास. यंदा तू नऊपैकी एक होतास, तुझ्या दोन झेलांची नोंद वहीत आहे, आणि त्यातला एक सुटलेला आहे तोही लिहिलेला आहे. बदल झाला की आधी हे विचार: यानं कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं? मग मजा गेली की आली, ते ठरव.

पुढच्या वर्षी तो झेल सोडू नको.

जय भीम!